तळहाताखालचा रस्ता

ओकवहिनींचा फोन आला तेव्हा मी प्रश्न लिहीत बसलो होतो. रविवारचे प्रश्न. दर आठवड्याला चार-पाच प्रश्न तयार करून मी ओकांकडे जायचो, आणि त्या आठवड्यात माझे तीनच झाले होते. टांझानियात पाऊस नेमका कधी सुरू होतो. मलेरियाच्या गोळ्या निघण्याआधी किती दिवस घ्यायच्या. आणि तिघांपैकी एकाचीच गाडी वाटेत कायमची बंद पडली तर बाकीच्या दोघांनी काय करायचं. चौथा सुचत नव्हता. शुक्रवार होता, दुपारचे साडेतीन-चार झाले असतील. वहिनी म्हणाल्या, "भावजी, या रविवारी येऊ नका…" मग म्हणाल्या, "नाही, आत्ताच या." मला कळलं. भवानीपूरहून खिदिरपूर काही लांब नाही. टॅक्सीत बसल्यावर लक्षात आलं की प्रश्नांचा कागद मी घडी करून खिशात घातला आहे.

दिगंबर ओक जाऊन आता सात आठवडे झाले. सकाळी त्यांनी कुंड्यांना पाणी घातलं, दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. सदुसष्ट वर्षांचे होते. वर्तमानपत्रात नाव यावं असं त्यांनी काही केलं नव्हतं. छत्तीस वर्षं रेल्वेत नोकरी केली, मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणावळी सांभाळल्या, आणि शेवटची सहा वर्षं मोटारसायकलने आफ्रिका पार करायची तयारी केली. आफ्रिकेला ते गेले नाहीत. का गेले नाहीत हे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, असं मला अगदी परवापर्यंत वाटत होतं. ते सांगून टाकावं म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी कोलकात्याला आलो तो बँकेतल्या बदलीवर. पत्नी जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी बंगळूरला नोकरीत होती. कोलकात्याचं नाव काढताच बँकेतल्या बाकीच्यांनी कुणी आईचं आजारपण, कुणी मुलाची दहावी पुढे केली. मी मुकाट्याने हो म्हटलं. एकटंच राहायचं तर कुठंही राहता येतं, असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. ज्या गावात आपल्याला कुणी नावाने हाक मारत नाही त्या गावात रविवार फार लांबतो. असे सात-आठ महिने काढल्यावर मी मंडळाच्या गणपतीला गेलो, आणि दारातच एका उंच, किडकिडीत माणसाने माझ्या हातात चिठ्ठी दिली. तिच्यावर लिहिलं होतं, 'पंगत दुसरी, सुटण्याची वेळ १२.५०.' पंगत बसते हे मला माहीत होतं, ती सुटते हे नव्हतं. मी हसलो तर तो माणूस गंभीरपणे म्हणाला की पहिली पंगत चार मिनिटं लेट चालली आहे, पण मठ्ठ्याला वेळ भरून काढू. हे ओक.

त्यांचा जन्म कोलकात्याचाच. वडील खिदिरपूरच्या गोदीत कारकून होते आणि तिथंच त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. ओकांचं मराठी त्यांच्या आईकडून आलेलं, म्हणजे चांगलं पन्नास वर्षांपूर्वीचं. मोटारसायकलला ते फटफटी म्हणत. हिशेब मात्र बंगालीत करत. लहानपणी वडिलांना डबा द्यायला गोदीत जायचे तेव्हा लाकडी खोक्यांवर काळ्या रंगात छापलेली गावांची नावं वाचत उभे राहायचे, त्यातलं मोम्बासा हे नाव त्यांना सगळ्यात आवडलं. एवढंच कारण. लोक विचारायचे की आफ्रिकाच का, तर ते हे खोक्याचं सांगायचे आणि विचारणारा आणखी काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून वाट बघत राहायचा. पुढे त्यांनी जन्मभर जे काम केलं ते खुर्चीत बसून गाड्या चालवण्याचं. आधी खडगपूरच्या कंट्रोलमध्ये, म्हणजे कुठली गाडी सोडायची, कुठली थांबवायची ते ठरवतात त्या खोलीत, मग गार्डन रीचच्या मुख्यालयात. "छत्तीस वर्षं लोकांना पोचवलं करंदीकर," ते म्हणायचे, "मी आपला तिथल्या तिथंच."

कॉलेजात असताना मी मोटारसायकल चालवायचो, हे त्या दिवशी दुसऱ्या पंगतीत माझ्या तोंडून निघून गेलं. पुढच्या रविवारी सकाळी साडेआठला मी खिदिरपूरला त्यांच्या टेबलाशी बसलेला होतो. तिसरे होते हालदारदा, लष्कराच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. बराकपूरहून लोकलने सियालदा, तिथून बसने खिदिरपूर, असे ते यायचे आणि कधी उशीर करायचे नाहीत. वहिनी दडपे पोहे करायच्या. त्या साताऱ्याच्या, पण चाळीस वर्षांत पोह्यांवर गंधराज लिंबू पिळायला शिकलेल्या. पोहे झाले की टेबल पुसलं जायचं आणि ओक कपाटामागून ती गुंडाळी काढायचे.

ती गुंडाळी म्हणजे आमची आफ्रिका. ओकांना नकाशा चालत नसे. नकाशात जागा दिसते, वेळ दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आलेखाचे कागद एकाला एक चिकटवून रेल्वेच्या कंट्रोलमध्ये असतो तसा चार्ट केला होता. उभी गावं, वरून खाली. आडवे दिवस आणि तास. गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी होते, जोरात असली की उभी उतरते. जे व्हायचं आहे ते पेन्सिलने काढायचं आणि जे झालं ते शाईने, हा त्यांच्या खात्यातला नियम. वर कैरो, अगदी खाली केपटाउन, आणि मधून तीन पेन्सिलच्या रेघा, ओ, ह आणि क. माझी रेघ इतकी सरळ आणि निर्धास्त आफ्रिका उतरत होती की मला तिचा हेवा वाटायचा.

पहिल्या चार्टमध्ये मोठी गंमत झाली होती. ओकांनी आम्हाला रात्रभर चालवलं होतं. रेल्वेची गाडी रात्री थांबत नाही, म्हणून आमच्याही रेघा मध्यरात्री सुदानच्या वाळवंटातून त्याच वेगाने जात होत्या, मध्ये फक्त पाणी भरायला दहा मिनिटं. हालदारदांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "ओकदा, मोटरसाइकिल को नींद नहीं आती, आदमी को आती है।" ओकांनी खोडरबर उचललं. ड्रायव्हर बदलायची स्टेशनं आपण धरली, पण आपल्याकडे दुसरा ड्रायव्हरच नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो चार्ट पुसून नवा करायला तीन रविवार गेले. मला ते तीन रविवार फार सुखाचे गेले.

कागद फार दिवस गुंडाळलेला असल्यामुळे तो सोडला की आपला आपण परत वळायचा. वजनं ठेवलेली ओकांना चालत नसत, वजनाखाली गाव जातं म्हणायचे. म्हणून मी डाव्या टोकाशी बसून सुरुवातीचे दिवस धरायचे, ओकांनी उजव्या टोकाशी बसून शेवटचे. त्यांचा तो रुंद डावा तळहात केपटाउनच्या अलीकडे पसरलेला असे आणि उजव्या हातात पेन्सिल. हालदारदा मध्ये उभे राहायचे.

सराव म्हणून आम्ही एकदा विष्णुपूरला गेलो. हिवाळ्यात, पहाटे निघून. आरामबागच्या पुढे लोकांनी रस्त्यावरच धान वाळत घातलं होतं, आणि मी त्यावरून घसरलो. लागलं काही नाही, धानात पडलो. दोन बायकांनी मला बंगालीत यथेच्छ सुनावलं, तेही रास्तच होतं. पण मी उठून गाडी उभी करतो आहे तोच एक ट्रक अगदी शेजारून गेला आणि त्यानंतर मला पुन्हा गाडीवर बसवेना. ओक आणि हालदारदा पुढे निघून गेले होते. मी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो आणि मनाशी पक्कं केलं की आपण कुठेही जायचं नाही. आफ्रिका नाही, विष्णुपूर नाही, काही नाही. अर्ध्या तासाने ओक परत आले. सात-आठ किलोमीटर पुढे गेलेला माणूस मागे फिरून आला, माझ्या शेजारी बसला. डब्यातला रव्याचा लाडू काढून दिला. लाडू संपल्यावर म्हणाले, "चला, मी मागून येतो." आणि उरलेला सगळा रस्ता ते ताशी तीसच्या वेगाने माझ्या मागून आले.

पुढच्या रविवारी विष्णुपूरचा चार्ट शाईने पुरा झालेला होता. हालदारदा हिरवे, ओक निळे, आणि मला त्यांच्या ऑफिसात मालगाडीला वापरायचे तो रंग. माझी रेघ एका ठिकाणी आडवी झाली होती आणि निळी रेघ खाली उतरता उतरता वळून वर, माझ्याकडे आली होती. ओक त्या वळणावर जाम खूश होते. नोकरीत अशी रेघ आपण कधी काढली नाही म्हणाले, एकदा पुढे गेलेली गाडी कशाला मागे येते. त्यांनी तो कागद भिंतीवर लावला. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागलो.

आणि तेव्हापासून माझे प्रश्न सुरू झाले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं मी आफ्रिकेचं अंगण इंचाइंचाने वाकडं ठरवत गेलो. गाडीला सीमा ओलांडायला तिचा स्वतःचा एक पासपोर्टसारखा कागद लागतो, तो मिळायला वेळ लागेल. तोवर तिकडे पाऊस सुरू होईल. पाऊस संपला की माझा गुडघा. गुडघा बरा झाला तर मुलीचं घर बदलायचं. दर वेळी ओक म्हणायचे, "ठीक आहे, पुढच्या हिवाळ्यात," आणि तारखा पुसायचे. एकदाही त्रासले नाहीत. मग सुदानमध्ये लढाई पेटली. बातमी वाचून मला बरं वाटलं… हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं. लोक घरंदारं टाकून पळत होते आणि मी इथं भवानीपुरात चहा पीत सुटकेचा श्वास सोडत होतो. त्या रविवारी ओकांनी कात्री आणली. सुरुवातीचे दिवस कापून टाकले आणि उरलेल्या कागदाच्या वरच्या टोकाला लिहिलं, मोम्बासा. "जहाजाने गाड्या तिथवर नेऊ," ते म्हणाले, "बघा, शेवटी खोक्यावरच आलो." त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघून मी लगेच पुढचा प्रश्न काढला.

पीतज्वराची लस घेतल्याशिवाय तिकडून परत येता येत नाही. साठीच्या पुढच्यांना ती देताना डॉक्टर जरा जपूनच देतात. ओकांनी तिघांची वेळ ठरवली होती. मी आदल्या दिवशी फोन करून ताप आहे म्हणून सांगितलं. ताप नव्हता. ते दोघं जाऊन टोचून आले आणि संध्याकाळी ओक पिवळी पुस्तिका दाखवायला माझ्या घरी आले, येताना माझ्या तापासाठी मोसंबी घेऊन. पुस्तिकेत मुदतीच्या रकान्यात लिहिलं होतं की लस घेणाऱ्याच्या आयुष्यभर. ओक म्हणाले, "पेन्शन सोडली तर सरकारनं जन्मभरासाठी दिलेली ही एकच वस्तू." मी अंगावर पांघरूण घेऊन बसलो होतो, त्यामुळे मला नीट हसताही येईना.

मला भीती वाटत होती हे खरं. पण नुसत्या भीतीसाठी माणूस सहा वर्षं खोटं बोलत नाही. निवृत्त झाल्यावर मी कोलकाता सोडायला हवं होतं. मुलगी बोलावत होती. मी तिला सांगायचो की आता आफ्रिकेहून आलो की येतो. माझा आठवडा रविवारी साडेआठला सुरू व्हायचा आणि रविवारी साडेबाराला संपायचा, मधले सहा दिवस प्रश्न शोधण्यात जायचे. आम्ही एकदा निघालो असतो तर परत येताना ते टेबल संपलेलं असतं. चार्ट शाईने भरला की त्याच्यापाशी बसायचं काय कारण उरतं? मला आफ्रिका नको होती, आफ्रिकेची तयारी हवी होती. एका माणसाचं जन्माचं स्वप्न मी माझ्या रविवारांसाठी अडकवून ठेवलं, असा याचा सरळ अर्थ आहे, आणि तो मी दुसऱ्या शब्दांत मांडायचा प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही.

शेवटच्या रविवारी हालदारदा लवकर निघाले होते. वहिनी आत होत्या. चार्ट टेबलावर उघडाच होता, मी माझं टोक धरलेलं, ओकांनी त्यांचं. पेन्सिल खाली ठेवून त्यांनी विचारलं, "करंदीकर, तुम्हाला यायचंय ना?" सहा वर्षांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला. मी म्हटलं, "म्हणजे काय ओक… यायचंच आहे." मग त्यांनी हात उचलला आणि कागद त्यांच्या टोकाकडून वळत वळत माझ्यापर्यंत आला.

तेराव्यानंतर वहिनींनी ती गुंडाळी माझ्या हातात दिली. घरात दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नाही म्हणाल्या. घरी आणून मी ती बरेच दिवस उघडली नाही. मग एका सकाळी जेवणाच्या टेबलावर पसरली. डावं टोक सवयीने धरलं, उजवं वळून आलं. तेव्हा उठून उजव्या बाजूला गेलो, ओक बसायचे तिथं, आणि ते टोक सपाट केलं. त्या बाजूने मी तो चार्ट कधीच पाहिला नव्हता. लिव्हिंग्स्टन गावाच्या पुढे, जिथं त्यांचा तळहात असायचा तिथं, तीन रेघा खाली केपटाउनकडे उतरत होत्या. पण लिव्हिंग्स्टनपाशी त्यांच्यातल्या दोघींना फाटे फुटले होते. तुटक, बारीक रेघा, ओ आणि क, एकमेकींना लागून वर वळलेल्या, लुसाकाच्या विमानतळापर्यंत. हालदारदांच्या रेघेला तेवढा फाटा नव्हता. शेजारी ओकांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'क. यांना नको वाटल्यास इथून परत. सोबत मी.'

मग मी चार्टवर आणखी वर पाहिलं. तसंच इरिंगाला होतं. तसंच नैरोबीला. प्रत्येक मोठ्या गावातून दोन तुटक रेघा मागे फिरत होत्या. त्या जागा खोडून खोडून कागद पातळ झाला होता, म्हणजे दर वेळी तारखा बदलल्या तशा या रेघाही त्यांनी नव्याने काढल्या होत्या. इतक्या फिक्या की वाकून शोधल्याशिवाय त्या दिसल्याच नसत्या. मोम्बासा वाचत मोठा झालेला हा माणूस अर्धीअधिक वाट कापूनही माझ्याबरोबर परत फिरायला तयार होता. मी फक्त म्हणायचं होतं की मला भीती वाटते. आम्ही निघालो असतो. नैरोबीपर्यंत तरी गेलो असतो. त्यांनी निदान मोम्बासा पाहिलं असतं.

त्या दिवशी मी टेबलाशी बसून रडलो. पत्नी गेली तेव्हा पाहुणे, फोन, कागदपत्रं यांतून रडायला उसंत मिळाली नव्हती. या वेळी कुणी येणार नव्हतं.

गेल्या आठवड्यात जाऊन मी लस घेतली. तिथल्या बाईंनी कोणत्या देशात जाणार विचारलं, मी केनिया म्हटलं. कधी, तर ठरतंय. सोबत कोण, असं त्यांनी विचारलं नाही. रविवारी हालदारदा माझ्याकडे आले, बराकपूरहून, बरोबर साडेआठला. मी पोहे केले होते, ते कडक झाले. खाऊन झाल्यावर मी त्यांना सांगितलं की मला पहिल्यापासून भीती वाटत होती आणि मी खोटे प्रश्न काढत होतो. ते चष्मा पुसत म्हणाले, "मालूम है। विष्णुपुर से लौटकर ओकदा ने ही बताया था।" मी विचारलं, मग तुम्ही दोघं माझ्याशिवाय का नाही गेलात? हालदारदा म्हणाले, "हमने पूछा था। बोले, तीन का चार्ट है।"

नंतर आम्ही चार्ट पसरला. हालदारदांनी डावं टोक धरलं, म्हणून मला उजवीकडे बसावं लागलं. तळहात ठेवला. माझा हात ओकांच्या हाताहून लहान आहे, तरी ती 'सोबत मी'ची ओळ त्याच्याखाली पुरती जाते. वाचायची म्हणून हात उचलला की कागद वळून मिटतो. पुन्हा उलगडतो, पुन्हा हात ठेवतो.